दीपनगर परिसरातील घरगुती इंटरनेट दूरध्वनी : सेवा, सेवाचालक आणि पंचायती



भुसावळहून वरणगावकडे जाणाऱ्या महामार्गावरून दीपनगरची धुराडी दुरूनच दिसू लागतात. तापीचे पाणी, रेल्वेने येणारा कोळसा आणि महाराष्ट्राच्या सर्व भागांतून आलेली माणसे यांवर ही वसाहत उभी राहिली. पाचशे मेगावॅट क्षमतेच्या संचांमधून येथे निर्माण होणारी वीज चारशे किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरून राज्यभर जाते. ज्या गावाच्या नावातच दीप आहे, त्या गावी दूरध्वनीच्या एका नव्या प्रकाराविषयी बोलताना विजेचाच प्रश्न सर्वांत आधी पुढे यावा, हा योगायोग मोठा बोलका आहे. घरात येणारा नवा दूरध्वनी काचेच्या तंतूवरून येतो आणि काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. वीज गेली की तो मुका होतो. जुना मुका होत नसे.

तांब्याच्या दोन तारांवर चालणाऱ्या दूरध्वनीला घरच्या विजेची गरज नव्हती. दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांच्या संचातून ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच तारांवरून ग्राहकाच्या घरापर्यंत येत असे आणि घंटी वाजवण्यासाठी निराळा, अधिक दाबाचा प्रवाह केंद्रातूनच सोडला जाई. वादळात अर्धे गाव अंधारात बुडाले, तरी डॉक्टरांना किंवा उपकेंद्रावरील कर्मचाऱ्याला फोन लागत असे. आज ठिकठिकाणी तांब्याच्या तारा जाऊन त्यांची जागा प्रकाशतंतू घेत आहेत. क्रमांक तोच राहतो, भुसावळचा ०२५८२ हा संकेतांकही तोच राहतो आणि टेबलावरचे यंत्रही पुष्कळदा तेच असते. म्हणूनच आतील व्यवस्था मुळापासून बदलली आहे हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. ते लक्षात आणून देणे हे सेवा विकणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय, आणि त्याबाबतीत फारसे समाधानकारक चित्र दिसत नाही.

सेवा देणारी मूळ कंपनी आणि ती वापरणारे कुटुंब यांच्यामध्ये एक मधला माणूस असणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. मुंबईत १८८२ साली पहिले दूरध्वनी केंद्र सुरू झाले, तेही एका खासगी कंपनीच्या हातून. पुढे ही सेवा सरकारी खात्याकडे आली. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहावी लागे आणि घाई असेल तर दुप्पट दराने ‘अर्जंट’, तर आठपट दराने ‘लाइटनिंग’ कॉल मागावा लागे. कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान १९६० साली ग्राहकाला स्वतः क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय प्रथम झाली. सी-डॉट ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली आणि तिने ग्रामीण भागासाठी तयार केलेले लहान स्वयंचलित केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. १२८ जोडण्यांच्या या केंद्राला वातानुकूलित खोलीची गरज नव्हती. खानदेशच्या उन्हाळ्यात, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथे या एका गुणाची किंमत काय होती हे निराळे सांगावयास नको.

या लहान केंद्रांच्या पाठोपाठ रस्त्यारस्त्यावर पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी. बूथ उभी राहिली. बूथचालक हा खऱ्या अर्थाने दूरध्वनीचा किरकोळ विक्रेता होता. खात्याकडून जोडणी घ्यावयाची, मोजणी यंत्र बसवावयाचे, दर मिनिटामागे खात्याचा हिशेब चुकता करावयाचा आणि ठरलेले कमिशन आपल्याकडे ठेवावयाचे, एवढा साधा तो व्यवहार. अपंग व्यक्तींना या बूथच्या वाटपात प्राधान्य होते आणि त्यावर कितीतरी कुटुंबे उभी राहिली. रात्री ठरावीक वेळेनंतर दर उतरत, म्हणून बूथसमोर जेवणानंतर रांगा लागत. बूथचालकाला गावातील कोणाचा मुलगा कोठे नोकरीस आहे हे तोंडपाठ असे; निरोप पोहोचवण्याचे कामही तोच करी. मोबाईल आला आणि ही बूथ काही वर्षांतच ओस पडली. परंतु ‘घाऊक घ्यावे, किरकोळ विकावे, मधल्या वाट्यावर संसार चालवावा’ ही पद्धत मात्र नाहीशी झाली नाही. आज तोच व्यवहार गावातील केबलचालक प्रकाशतंतू आणि इंटरनेट यांच्या रूपाने करीत आहे.

आवाज दुसऱ्याच कामासाठी टाकलेल्या तारेवरून नेण्याची कल्पना वीज क्षेत्रातील कामगारांना मुळीच नवी नाही. उच्चदाब वाहिनीच्या ज्या तारांवरून वीज वाहते, त्याच तारांवर उच्च वारंवारितेच्या लहरी चढवून विद्युत केंद्रे आणि उपकेंद्रे एकमेकांशी बोलत आली आहेत. वाहिनीच्या दोन्ही टोकांना बसवलेली मोठी वेटोळी त्या लहरींना इतरत्र जाऊ देत नाहीत. पुढे वाहिन्यांच्या मनोऱ्यांवर सर्वांत वर असणाऱ्या भूतारेच्या पोटातच प्रकाशतंतू घालण्यात येऊ लागले. भुसावळसारख्या रेल्वेच्या विभागीय ठिकाणी रेल्वेचेही आपले निराळे दूरध्वनी जाळे होते. रेल्वेमार्गालगतच्या प्रकाशतंतूंचा उपयोग सर्वसामान्यांनाही व्हावा, या हेतूने २००० साली रेलटेल हे महामंडळ स्थापन झाले आणि त्याची ‘रेलवायर’ ही घरगुती सेवा स्थानिक केबलचालकांच्या भागीदारीतूनच घरोघर जाते.

आवाजाची पुडकी

इंटरनेटवरचा दूरध्वनी म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या विक्रीतील खाचाखोचा कळणार नाहीत. तांब्याच्या तारेवर दोन माणसे बोलू लागली की संपूर्ण वाट तेवढ्या वेळापुरती त्या दोघांच्या मालकीची होत असे. इंटरनेटवर तसे होत नाही. बोलणाऱ्याच्या आवाजाची सेकंदाला ८,००० वेळा मोजणी होते. प्रत्येक मोजणी आठ अंकी द्विमान संख्येत लिहिली जाते, म्हणजे सेकंदाला ६४,००० अंक होतात. एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा आवाज एका पुडक्यात बांधला जातो, पुडक्यावर पत्ता लिहिला जातो आणि ते वाटेला लावले जाते. मजकूर १६० अक्षरांचा, तर पत्त्याचा भाग ४० अक्षरांचा. हिशेब केला तर एका संभाषणास सेकंदाला सुमारे ८० किलोबिट इतकी वाट लागते. आवाज दाबून बसवण्याच्या पद्धतींनी ती आणखी कमी करता येते.

आता तुलना पाहा. भारतात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी २००४ मध्ये २५६ किलोबिटची मर्यादा होती; जानेवारी २०२३ मध्ये ती दोन मेगाबिट करण्यात आली. म्हणजे कायद्याने मान्य केलेल्या सर्वांत हळू जोडणीवरही वीसएक संभाषणे एकाच वेळी होऊ शकतात. असे असूनही घरोघर तक्रार ऐकू येते ती आवाज तुटण्याची. याचे कारण वेगात नाही, सातत्यात आहे. पुडके ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या अंतराने पोहोचले पाहिजे. बोलणे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस १५० सहस्रांश सेकंदांच्या आत पोहोचावे, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. त्याहून उशीर झाला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, आणि संभाषणाची लय बिघडते.

हा उशीर अंतरामुळे होतो असा समज आहे. वस्तुतः काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. भुसावळ ते मुंबई हे साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर तो दोन-अडीच सहस्रांश सेकंदांत कापतो. उशीर होतो तो आपल्याच गल्लीत. रात्री आठनंतर घरोघर चित्रपट आणि मालिका सुरू होतात, खांबावरच्या पेटीतून जाणारी एकच वाट साठ घरांत वाटली जाते, आणि मुलाच्या आवाजाचे इवलेसे पुडके चित्रपटाच्या लांबलचक रांगेमागे उभे राहते. आवाजाच्या पुडक्यांना रांगेत पुढे घेण्याची सोय यंत्रात असते. जाणता सेवाचालक ती करून ठेवतो. न जाणणारा मात्र ग्राहकाला अधिक वेगाची, अधिक महाग योजना विकतो आणि तक्रार जागच्या जागीच राहते.

याच संदर्भात तीन प्रकारांतील भेद ध्यानी ठेवावा. पहिला प्रकार म्हणजे प्रकाशतंतूवर मिळणारा नेहमीच्या क्रमांकाचा दूरध्वनी. घरातील पेटीवर इंटरनेटसाठी एक आणि दूरध्वनीसाठी एक अशी निराळी छिद्रे असतात आणि आवाजाची वाहतूक कंपनी आपल्या जाळ्यातच निराळ्या मार्गिकेवरून नेते. दुसरा प्रकार म्हणजे परवानाधारक कंपनीने दिलेल्या क्रमांकावर, पण कोणाच्याही इंटरनेट जोडणीवरून चालणारा दूरध्वनी. तिसरा प्रकार सर्वांच्या हातातला आहे : क्रमांकाचे जाळे टाळून एका उपयोजनातून दुसऱ्या त्याच उपयोजनात बोलणे. या तिसऱ्या प्रकारातून साध्या दूरध्वनीला फोन लागत नाही, ही गोष्ट अडचणीच्या वेळीच आठवते.

परवानगीचा प्रवास

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. खासगी सेवादात्यांना १९९८ मध्ये वाव मिळाला, परंतु इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास मनाई होती. ती १ एप्रिल २००२ पासून अंशतः उठली. संगणकावरून संगणकावर बोलता येऊ लागले आणि संगणकावरून परदेशातील दूरध्वनीवरही. देशातील साध्या दूरध्वनीशी मात्र ही वाट जोडण्यास मज्जाव राहिला. परदेशी शिकावयास गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना, ज्यांचा खिसा तोपर्यंत दर मिनिटागणिक हलका होत होता, एवढी मोकळीकही मोठी वाटली. शहरांतील इंटरनेट कॅफेंमध्ये कानाला श्रवणयंत्र लावून बसलेली वृद्ध माणसे त्या काळात दिसू लागली, ती याचमुळे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये याविषयी शिफारशी केल्या आणि जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारकांना ही सेवा साध्या दूरध्वनी जाळ्याशी जोडून देण्याचा मार्ग स्पष्ट केला. त्यापाठोपाठ जुलै २०१८ मध्ये भारत संचार निगमने ‘विंग्ज’ या नावाने अशी सेवा सुरू केली. घरातील कोणत्याही इंटरनेट जोडणीवरून, मोबाईलचे मनोरे नसलेल्या जागेतूनही, तिच्याद्वारे कोणत्याही क्रमांकावर बोलता येत असे.

आता प्रश्न सेवा विकणाऱ्याचा. गावातील तरुणाला किंवा केबलचालकाला या व्यवसायात उतरावयाचे असल्यास चार वाटा दिसतात.

सर्वांत रुळलेली वाट म्हणजे परवानाधारक कंपनीचा भागीदार होणे. भारत संचार निगमची प्रकाशतंतू सेवा पुष्कळ ठिकाणी अशा भागीदारांमार्फतच घरापर्यंत पोहोचते. गावातील तंतू, खांब, पेट्या आणि दुरुस्ती भागीदाराची. क्रमांक, देयक आणि परवाना कंपनीचा. आणि महसुलात ठरलेला वाटा. दुसरी वाट स्वतःच इंटरनेट सेवेचा परवाना घेण्याची. त्यात देशभरासाठी, एका दूरसंचार मंडळासाठी आणि लहान क्षेत्रासाठी अशा अ, ब आणि क श्रेणी ठरवण्यात आल्या. तिसरी वाट मे २०१६ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी उघडली. स्वतःचे जाळे नसलेल्या व्यक्तीने मोठ्या कंपनीकडून क्षमता घाऊक विकत घेऊन आपल्या नावाने ती विकावी, अशी ही योजना आहे. पुढे जिल्हा हे क्षेत्र धरूनही असा परवाना देण्याची तरतूद झाली. मोठ्या वसाहतींमध्ये खात्याकडून जोडण्यांचा गठ्ठा घेऊन आपल्या खासगी केंद्रामार्फत घरोघर दूरध्वनी देणारे जे जुने मताधिकारी होते, त्यांना सामावून घेण्याचा त्यामागे हेतू होता. चौथी वाट सर्वांत सोपी. केंद्र सरकारने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेखाली किराणा दुकानदार किंवा चहावालाही सार्वजनिक वायफाय विकू शकतो. त्यास परवाना लागत नाही आणि शुल्कही नाही. अशा दुकानदाराकडून कंपन्यांनी घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारू नये, असे प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये ठरवले. मात्र ही केवळ इंटरनेटची विक्री आहे, दूरध्वनी क्रमांकाची नव्हे, हे दुकानदाराने विसरू नये.

कोणत्या वाटेत किती पैसा आहे, हे प्रत्येक जण विचारतो. एक साधा हिशेब मांडून पाहता येईल. समजा, एका गावात शंभर घरे दरमहा पाचशे रुपये देतात. पन्नास हजार जमतात, त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर निराळा. समजा, भागीदाराचा वाटा निम्मा ठरला, तर हाती पंचवीस हजार येतात. त्यातून तंतू सांधणाऱ्या कारागिराची मजुरी, तुटफुटीचा खर्च, बॅटऱ्या, वीज आणि थकबाकीदारांकडे घालाव्या लागणाऱ्या चकरा वजा करावयाच्या. तंतू सांधण्याचे यंत्र महागडे असते, ते पाच-सहा जणांनी मिळून घेणे शहाणपणाचे. उरते ते एका कुटुंबाच्या पोटापुरते, फार तर त्याहून थोडे अधिक. ज्यांना यात झटपट श्रीमंती दिसते, त्यांनी शंभराऐवजी चाळीस घरे धरून हाच हिशेब पुन्हा करावा.

झटपट श्रीमंतीचाच एक काळा मार्ग या व्यवसायाला चिकटलेला आहे आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे इष्ट. परदेशातून येणारा फोन आपल्या कंपन्यांच्या ताब्यात देताना परदेशी कंपनीला दर मिनिटामागे आकार द्यावा लागतो. देशांतर्गत फोनांसाठी कंपन्यांमधील असा आकार मात्र १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला आहे. या फरकावर डोळा ठेवून काही टोळ्या परदेशी फोन इंटरनेटवरून चोरून आणतात आणि अनेक सिमकार्डे बसवलेल्या पेटीतून तो स्थानिक फोन म्हणून सोडतात. ग्राहकाला परदेशाऐवजी एखादा भारतीय क्रमांक दिसतो. सरकारचा महसूल बुडतो, हा त्यातील लहान भाग झाला. धमकीचा किंवा फसवणुकीचा फोन कोठून आला याचा माग लागत नाही, हा मोठा. या टोळ्यांना गरज असते ती एका खोलीची, एका चांगल्या इंटरनेट जोडणीची आणि भोळ्या माणसाची. ‘फक्त पेटी ठेवा, दरमहा भाडे घ्या’ असे कोणी सांगत आल्यास त्याचा अर्थ काय हे गावातील तरुणांना आधीच ठाऊक असावयास हवे. दूरसंचार कायदा २०२३ नुसार अधिकृत मान्यतेवाचून दूरसंचार सेवा देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परदेशातील मुलाचा फोन नेहमी अनोळखी भारतीय क्रमांकावरून येत असेल, तर त्याची माहिती ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर देता येते.

चालकाच्या निष्काळजीपणानेही असाच अनर्थ ओढवतो. घरातील पेटीचा किंवा लहान केंद्राचा संकेतशब्द कारखान्यातून आला तसाच ठेवला, तर दूरवरचा चोर रात्री तीन वाजता त्यातून परदेशी फोन लावतो आणि देयक ग्राहकाच्या नावे येते. पेटी बसवताना पाच मिनिटे खर्चून संकेतशब्द बदलणे एवढाच यावर उपाय आहे. ज्यांना परदेशी फोन करावयाचे नाहीत, त्यांची ती सोय बंदच ठेवावी.

वीज गेल्यावर

पुन्हा विजेच्या प्रश्नाकडे वळणे अगत्याचे आहे, कारण संकटकाळी त्याच एका गोष्टीवर सर्व काही अवलंबून राहते. प्रकाशतंतूच्या आधुनिक पद्धतीत केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत काचेच्याच विभाजकाने बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. या विभाजकाला वीज लागत नाही. वीस किलोमीटरच्या टप्प्यात केंद्र आणि घर या दोनच ठिकाणी वीज असली की पुरते. याउलट, काही केबलचालक स्वस्ताईसाठी गल्लीगल्लीत खांबावर विजेवर चालणाऱ्या पेट्या लावतात. त्यांतील एक पेटी बंद पडली की तिच्यापुढील सारी घरे गप्प. पहिली पद्धत सुरुवातीस महाग आणि दुसरी स्वस्त वाटते. पहिल्याच पावसाळ्यात हिशेब उलटा फिरतो. पंचायतीने किंवा गृहसंस्थेने सेवाचालकाला हा एकच प्रश्न विचारला तरी त्याची पारख होते.

घरातील पेटीला साधारण बारा वॅट वीज लागते. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीत ८४ वॅट-तास साठतात. म्हणजे हिशेबाने सात तास, आणि बॅटरी जुनी झाली, उष्णतेने थकली असे धरले तरी चार तास तरी दूरध्वनी जिवंत राहतो. भारनियमन असलेल्या शेतवस्तीवर, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी, दवाखान्यात आणि शाळेत ही बॅटरी जोडणीच्या किमतीतच धरली पाहिजे. मोबाईल आहेच, असे यावर उत्तर मिळते. परंतु दीर्घकाळ वीज नसली की मनोऱ्यावरची बॅटरीही संपते, आणि ज्यांच्या हातात मोबाईल सोपा नाही अशी माणसे प्रत्येक गावात आहेत.

महाराष्ट्रात पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. तांब्याच्या तारेवरील दूरध्वनीचा पत्ता म्हणजे घराचा पत्ता होता. उपयोजनातून चालणारा इंटरनेट दूरध्वनी मात्र जळगावला घेतलेला असून धुळ्याच्या एखाद्या शेतातून बोलत असेल. मदत कोठे पाठवावयाची? २०१७ च्या शिफारशींत प्राधिकरणाने या अडचणीचा विचार केला होता. अशा दूरध्वनीवर आपत्कालीन क्रमांकाची सक्ती करू नये, मात्र या सेवेच्या मर्यादा ग्राहकाला निःसंदिग्ध शब्दांत सांगाव्यात, असे तिचे म्हणणे होते. निःसंदिग्ध शब्द म्हणजे छापील कागदाच्या शेवटच्या ओळीतील बारीक अक्षरे नव्हेत. वसाहतीतील आजीबाईंना मराठीत, त्यांच्या दारात उभे राहून, ‘फोनवर आधी आपला पत्ता सांगा’ असे बजावणे हे त्या शब्दांचे खरे रूप आहे. हे काम मुंबईतील कार्यालय करू शकत नाही, गावचा सेवाचालकच करू शकतो. जुना बूथचालक बहुधा न सांगताच ते करीत असे.

पंचायतींकडे

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाला आणि पुढे त्याला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. राज्यात दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने राज्य शासनाने हाती घेतले. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमास मान्यता दिली. त्यात ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी स्थानिक उद्योजकाच्या हाती देण्यावर भर आहे. म्हणजे गावातला जो तरुण या व्यवसायाचा विचार करीत आहे, त्याच्यासाठी घाऊक बाजार आपल्याच पंचायतीच्या कपाटात येऊन उभा आहे. दुर्दैवाने ते कपाट पुष्कळ ठिकाणी कुलूपबंद असते. किल्ली ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवक दुसऱ्या गावी, आणि पेटीचा विजेचा खटका पंख्याबरोबर बंद केलेला. कोट्यवधी रुपयांचा तंतू दारापर्यंत येऊन शेवटच्या खटक्यापाशी अडतो. त्या पेटीसाठी निराळा, न बंद होणारा खटका आणि एक बॅटरी एवढी व्यवस्था करण्यास पंचायतीला कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागू नये.

खांब आणि चर यांबाबतही पंचायतीची भूमिका महत्त्वाची आहे. मार्गाधिकाराचे नियम २०१६ मध्ये आले आणि नव्या कायद्याखालील नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्यांनुसार अर्जाचा निर्णय ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो. परवानगी देताना तंतू कोठून गेला याचा साधा नकाशा पंचायतीने दप्तरी ठेवून घ्यावा. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांच्या बांधावरून, पाटाच्या कडेने आणि रस्त्यालगत तंतू गेलेले असतात. रस्ता रुंद करताना किंवा जलवाहिनी टाकताना खोदणारे यंत्र एका फटक्यात ते तोडते आणि केळीच्या भावासाठी व्यापाऱ्याशी सुरू असलेले बोलणे मध्येच थांबते. नकाशा असेल तर खोदण्यापूर्वी सेवाचालकाला कळवता येते. तसा निरोप देण्याची अट ठेकेदाराच्या कार्यादेशातच घालता येईल.

शाळांनी या विषयात एक निराळे काम उचलण्यासारखे आहे. सातवी-आठवीच्या मुलांना घरातील पेटीवरची चिन्हे ओळखावयास शिकवली, तर निम्म्या तक्रारी सेवाचालकापर्यंत जाणारच नाहीत. हिरवा दिवा स्थिर असेल तर तंतू ठीक आहे. लाल दिवा लागला तर तंतू तुटला किंवा वाकला आहे. दिवेच नसतील तर वीज नाही. पिवळ्या बारीक तारेला काटकोनात वाकवू नये, खिळ्याला गुंडाळू नये आणि तिच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये, कारण आतील प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी तो डोळ्यांना अपाय करू शकतो. भौतिकशास्त्राच्या तासाला पूर्ण परावर्तन शिकवताना शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही : पाठ्यपुस्तकातील आकृती आता प्रत्येक दुसऱ्या घराच्या भिंतीवरून गेलेली आहे, आणि तिच्यातूनच पुण्याला शिकावयास गेलेल्या ताईचा आवाज घरात येतो.